निमखाऱ्या पाण्याचे माप कशाने घ्यावे?

फिश टँक म्हटले की गोल्डफिश आणि गप्पी डोळ्यांपुढे येतात. पण निवटी, कालुंदर असे खाडीतले मासे घरी पाळण्याचा छंदही काहीजण करतात. या माशांना निमखारे पाणी लागते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. निमखाऱ्या टाकीत ते ५ ते २० ग्रॅमच्या दरम्यान, माशाच्या जातीप्रमाणे ठेवतात.

हे प्रमाण चमच्याने किंवा जिभेने ठरत नाही. उन्हाळ्यात टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून कमी झालेली पातळी गोड्या पाण्यानेच भरावी. दर वेळी मिठाचे पाणी घातले तर खारटपणा नकळत वाढत जातो आणि मासा का मेला हे कळतही नाही. तेव्हा मापाचे साधन हवेच. ते कोणते घ्यावे?

सर्वांत स्वस्त साधन हायड्रोमीटर. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचे तत्त्व तेच याचे. पाणी जड तितकी काचनळी वर तरंगते. घेताना पट्टी नीट वाचावी. काही हायड्रोमीटर केवळ समुद्री टाकीसाठी असतात, त्यांवर खालचे आकडेच नसतात. आपल्याला १.००० पासून सुरू होणारी पट्टी हवी. १० ग्रॅम क्षाराचे पाणी २५ अंश सेल्सियसला सुमारे १.००७५ दाखवते.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नये. २५ अंशांसाठी बनवलेली नळी ३० अंशांच्या पाण्यात सुमारे २ ग्रॅम कमी दाखवते. समुद्राच्या ३५ मध्ये २ चा फरक फारसा जाणवत नाही, पण आपल्या १० मध्ये तो पाचवा हिस्सा होतो! प्लॅस्टिकच्या काटेवाल्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो, क्षार साचले की घटतो. टिचकी मारून बुडबुडे काढावेत आणि वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावे.

दुसरे साधन रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर दोन-तीन थेंब टाकून उजेडाकडे धरून पाहायचे. खारटपणानुसार प्रकाश कमीजास्त वळतो आणि पट्टीवर रेघ दिसते. पाणी थोडेच लागते, नळी फुटण्याची भीती नाही. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा पाहावा. घेताना तो समुद्राच्या पाण्यासाठी आहे की नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी, हे विचारावे, कारण दोन्हींच्या आकड्यांत थोडा फरक पडतो. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटरने शून्य जुळवून घ्यावे.

तिसरे, पाण्यातून वीज किती वाहते हे मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर. कमी खारटपणात तो उपयोगी, पण महाग, आणि प्रमाणित द्रावणाने वरचेवर जुळवावा लागतो. पिण्याच्या पाण्यासाठीचा पेनासारखा टीडीएस मीटर मात्र या कामासाठी घेऊ नये. त्याची मर्यादा बहुधा दर लिटरला १० ग्रॅमच्याही आत संपते.

आमचे सांगणे असे : पैसे बेताचे असतील तर १.००० पासूनची काचेची नळी आणि सोबत एक थर्मामीटर घ्यावा. थोडे अधिक जमवता आले तर रिफ्रॅक्टोमीटर उत्तम. साधन कोणतेही असो, आठवड्याला एकदा मोजून वहीत तारखेसह लिहावे. आकडा चुकलेला दिसला तर एकदम मीठ किंवा पाणी ओतू नये. थोडे थोडे पाणी बदलत काही दिवसांत तो जागेवर आणावा. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. त्याची काळजी आपणच घ्यायची.