प्रायव्हेट नंबर मी उचलत नाही

माझ्या कामाच्या फोनवर दिवसाला वीसेक कॉल येतात. त्यातले तीन-चार असे, की स्क्रीनवर नंबरच दिसत नाही. कधी 'प्रायव्हेट नंबर', कधी 'अननोन', कधी 'नो कॉलर आयडी'. मी ते उचलत नाही. एवढ्यावरून गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर मला भरपूर ऐकून घ्यावं लागलं. "तुमच्या धंद्यात कशाला हे नखरे" इथपासून "असली कामं करायची आणि वर सेफ्टी मागायची" इथपर्यंत. तिथे वाद घातला नाही. इथे सविस्तर लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांमध्ये माझ्यासारखं काम करणाऱ्या दोन-चार जणी तरी असतील, आणि बाकीच्यांनाही कायदा काय म्हणतो ते कळलेलं बरं.

नवीन लोकांसाठी सांगते. मी पुण्यात स्वतंत्रपणे एस्कॉर्टचं काम करते. मधे दलाल नाही, घरवाली नाही, एजन्सी नाही. सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने करते, आणि हे प्रोफाइल खऱ्या नावाचं का नाही ते सांगायची गरज नसावी.

बुधवार पेठेत काम करणाऱ्या बाईचं आयुष्य सोपं नाही, पण तिथे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही. तिथे एखादी ओरडली तर भिंतीपलीकडून चार जणी धावून येतात. गिऱ्हाईक जिना चढतानाच त्याच्याकडे दहा डोळे बघत असतात. पिऊन आलाय का, मागच्या महिन्यात कुणाला मारलं होतं का, हे कुणाला तरी ठाऊक असतं. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी तर हीच एकमेकींची राखण संघटनेच्या रूपात उभी केली. मी फ्लॅटमध्ये राहते. शेजारी कोण राहतं ते मला माहीत नाही, आणि मी काय करते ते त्यांना कळू नये यासाठी माझा अर्धा जीव खर्च होतो. मला जिना नाही, गल्ली नाही. जो काही उंबरठा आहे तो फोन. तिथेच माणूस पारखायचा. एकदा तो खोलीत आला की पारखायला उशीर झालेला असतो.

आता त्या 'बिचाऱ्या घाबरलेल्या गिऱ्हाइका'चं बघू.

आपल्या देशात साध्या ग्राहकाला स्वतःचा नंबर लपवून कॉल करायची सोय सहज मिळत नाही. टेलिकॉम कंपन्यांच्या परवान्यातच अट आहे, की ही सोय सर्वसाधारणपणे द्यायची नाही, द्यायची तर कारण तपासून द्यायची, आणि ज्यांना दिली त्यांची पत्त्यासकट यादी सरकारी यंत्रणांना पाहता येईल अशी ठेवायची. म्हणजे माझ्याकडे जो लपून फोन करतो त्याने एक तर वजन वापरून ही सोय घेतलेली असते, नाहीतर इंटरनेटवरच्या कुठल्या तरी ॲपवरून कॉल फिरवलेला असतो. बायकोला कळू नये म्हणून घाबरणारा माणूस एवढी खटपट करत नाही. तो दुसरं सिम घेतो. माझे कित्येक ग्राहक तसेच आहेत, त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. पण त्यांचा एक नंबर माझ्याकडे आहे, तो लावला की त्यांचाच फोन वाजतो. तेवढं मला पुरतं. बायकोपासून लपायचं तर खुशाल लपा. जिच्यासोबत बंद खोलीत दोन तास बसायचं आहे तिच्यापासून कशाला लपता?

आणि अनुभव सांगते, लपवलेल्या नंबरमागे बहुतेकदा नवीन माणूस नसतोच. ज्याला आधीच ब्लॉक केलेलं असतं तोच असतो. पैशावरून भांडलेला, कंडोमवरून अडून बसलेला, 'नाही' म्हटल्यावर हात उचललेला. दाराने हाकलला की तो खिडकीशी येतो. ती खिडकी म्हणजे प्रायव्हेट नंबर.

म्हणून मी काय करते. अँड्रॉइडच्या फोन ॲपमध्ये ब्लॉक केलेल्या नंबरांच्या यादीत वरच 'अननोन'चं बटण असतं. ते चालू केलं की फक्त नंबर लपवलेले कॉल अडतात, सेव्ह न केलेले नवे ग्राहक अडत नाहीत. आयफोनवर जरा वेगळं आहे. तिथली अनोळखी कॉल गप्प करायची जुनी सोय सेव्ह नसलेले सगळेच नंबर शांत करते, म्हणजे धंद्याच्या फोनवर ती लावली तर नवीन कामच बंद. त्यामुळे कामासाठी मी साधा अँड्रॉइड ठेवलाय, घरचा फोन वेगळा, सिम वेगळं, आणि घरच्या सिमवरचं कुठलंच अकाउंट या फोनमध्ये नाही. व्हॉट्सॲपच्या माहितीत एक ओळ लिहिलेली आहे: नंबर दाखवून फोन करा, आधी मेसेज करा. ज्याला खरंच भेटायचंय तो दहा मिनिटांत मेसेज करतो.

चुकून उचलला गेलाच तर? वाद घालायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. "नंबर दाखवून करा" म्हणायचं आणि ठेवायचा. तीन गोष्टी तोंडातून जाऊ द्यायच्या नाहीत: कुठल्या भागात राहते, आत्ता एकटी आहे का, आणि मोकळी कधी आहे. समोरचा अगदी गोड बोलत असतो. "कोथरूडला ना तुम्ही?" असं मुद्दाम चुकीचं विचारतो, म्हणजे आपण पटकन "नाही हो, वारज्याला" म्हणावं. ही युक्ती इतकी जुनी आहे तरी चालते.

नंबर दिसला म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. दिसणारा नंबरही बनावट असू शकतो. म्हणून नवीन माणसाला मी नेहमी उलट फोन करते. बनावट नंबर असेल तर तो लागत नाही, नाहीतर भलत्याच माणसाला लागतो. मग नंबर एका मैत्रिणीला पाठवते, भेटीची जागा आणि वेळ कळवते. पोहोचल्यावर एक मेसेज, निघाल्यावर एक. मधे तिचा फोन येतो तेव्हा मी एक ठरलेला शब्द बोलले तर सगळं ठीक, नाही बोलले तर ती ११२ लावते. त्या माणसालाही कळतं की कुणीतरी वाट बघतंय. त्यानेच निम्मं काम होतं.

लपवलेल्या नंबरवरून येणारा आणखी एक प्रकार म्हणजे 'साहेब'. "क्राईम ब्रँचमधून बोलतोय, तुझ्यावर पिटा लागतोय, आत्ताच्या आत्ता इतके पाठव." नव्या मुली इथे हमखास गळपटतात. पोलीस फोनवर दंड वसूल करत नाहीत, आणि डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. नाव, हुद्दा, पोलीस ठाणं विचारायचं, फोन ठेवायचा, आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारायचं. "ॲडव्हान्स पाठवतोय, पिन टाका" म्हणणाराही याच जातीचा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

इथपर्यंत सगळं माझ्या हातातलं. पुढचं नाही.

ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, स्वतःच्या घरात हे काम करणं हा त्यात गुन्हा नाही (देऊळ, शाळा, हॉस्पिटल यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत मात्र गुन्हा आहे, आता पुण्यात अशी जागा शोधून दाखवा). मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच स्पष्ट केलं. पण त्याच कायद्यात कुंटणखान्याची व्याख्या अशी आहे, की दोन बायकांनी दोघींच्या फायद्यासाठी एक खोली वापरली तरी तो कुंटणखाना. म्हणजे मी आणि माझी मैत्रीण सुरक्षिततेसाठी एकाच फ्लॅटमध्ये काम करायला लागलो, की गुन्हेगार. एकटी राहिले की कायदेशीर, आणि मेले तर दोन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही.

कलम ४ तर याहून भारी. वेश्येच्या कमाईवर जगणं हा गुन्हा, ठीक आहे, दलालांसाठी असेल. पण तिच्यासोबत राहणारी किंवा नेहमी तिच्या संगतीत असणारी सज्ञान व्यक्ती तिच्याच कमाईवर जगते असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचं. माझे मेसेज बघत रात्री एकपर्यंत जागी राहणारी मैत्रीण, मला सोडायला येणारा रिक्षावाला दादा, दोघेही यात बसवता येतात. मी तिला महिन्याला काही पैसे देते, तिचा वेळ जातो म्हणून. ते तर लपवूनच द्यावे लागतात. सांगा, यातून बाईचं रक्षण कसं होतं?

गेल्या वर्षी एक माणूस सलग अकरा दिवस नंबर लपवून फोन करत होता. तिसऱ्या दिवशी मी शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावून एकदा मुद्दाम उचलला. पन्नास हजार दे, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो, गावी आईला सांगतो. आईचं नाव त्याला माहीत होतं. रेकॉर्डिंग आणि सगळ्या कॉलच्या तारखा, वेळा लिहिलेला कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न: "नंबरच नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध?" दुसरा: "तुमचा नंबर त्याच्याकडे आला कसा?" दुसऱ्या प्रश्नानंतर खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला कुणी उरलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नंबर माझ्या स्क्रीनपासून लपलेला असतो, टेलिकॉम कंपनीपासून नाही. माझा नंबर, तारीख आणि वेळ दिली की त्या कॉलची नोंद पोलिसांना कंपनीकडून मागवता येते. परदेशातून इंटरनेटवर फिरवलेला कॉल असेल तर शोधणं अवघड जातं, मान्य. पण ते शोधल्यावर कळणार ना? आणि तोंड लपवून धमकी देणं ही कायद्याच्या नजरेत कमी नाही, जास्त गंभीर गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ चं चौथं उपकलम खास निनावी धमकीसाठी आहे, नेहमीच्या शिक्षेच्या वर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद. पैशासाठी धमकावलं तर कलम ३०८, खंडणी. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला दिलेलं आहे. सेक्स वर्करशी पोलिसांनी सन्मानाने वागावं, तिच्या तक्रारीत भेदभाव करू नये, स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईला छाप्यात अटक करू नये, तिचं नाव-फोटो माध्यमांनी उघड करू नये. ज्या खटल्यातून हे निर्देश आले, त्याची सुरुवात १९९९ साली कोलकात्यात झालेल्या एका बाईच्या खुनापासून झाली. एका मेलेल्या बाईपासून या आदेशापर्यंत यायला तेवीस वर्षं लागली. आमच्या ठाण्याच्या पायरीपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

माझी तक्रार शेवटी नुसती अर्ज म्हणून ठेवून घेतली. फोन आपोआप थांबले. तो कोण होता ते मला माहीत नाही. कदाचित आजही नंबर दाखवून, दुसऱ्या नावाने, तो माझ्याकडे येऊन जात असेल. या विचाराबरोबर काम करायचं असतं.

ज्यांना अशी तक्रार द्यायची आहे त्यांनी लेखी द्या, कलमं लिहून द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, बायकांना तिथून मोफत वकील मिळतो.

मी गेल्या सोमवारी पोलीस आयुक्त कार्यालयात एक अर्ज दिलाय. त्यात दोनच मागण्या आहेत. नंबर नसलेल्या कॉलची तक्रार तारीख-वेळेवर नोंदवून घ्यावी, आणि तक्रार देणारीला तिचा व्यवसाय काय हे विचारू नये. पोच मिळालीय, उत्तर यायचंय. आलं की इथे टाकते.