डिझेल यंत्राचा इंधनपुरवठा : दोष कोठे आणि दुरुस्ती कोठे?

मृगाचा पाऊस होऊन गेलेला असतो, जमिनीला वाफसा आलेला असतो आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टर शेताच्या मध्यभागी आचके देऊन बंद पडतो. स्टार्टर फिरतो, परंतु इंजिन चालू होत नाही. बैल बसला तर त्याचे काय दुखते याचा धन्याला थोडाबहुत अंदाज असतो. यंत्र बसले म्हणजे मात्र त्याचे धैर्य खचते. तालुक्याच्या गावाहून मिस्तरी येतो, 'पंप गेला' असा निर्णय देतो आणि पंप उतरवून दुरुस्तीस जातो. तो परत येईपर्यंत वाफसा उडून गेलेला असतो. इतके करूनही टाकीच्या तळचे पाणी व गाळ जेथल्या तेथेच राहिल्यामुळे दुरुस्त केलेला पंप थोड्याच दिवसांत पुन्हा कुरकुर करू लागतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण याहून अधिक समर्पकपणे कोठे लागू पडावी?

इंधनपुरवठ्याच्या तक्रारीत इंजेक्शन पंप हा पहिला आरोपी नव्हे, तर शेवटचा समजला पाहिजे. टाकीपासून पंपापर्यंतच्या मार्गाची तपासणी सोपी आहे, तीस खर्च जवळजवळ नाही आणि ती करण्याचे कर्तव्य मिस्तरीचे नसून यंत्राच्या मालकाचे आहे. हे कर्तव्य टाळल्यामुळेच पुष्कळ चांगले पंप अकारण खोलले जातात आणि पुष्कळ चांगले हंगाम हातचे जातात.

हा मार्ग समजण्यास कठीण नाही. टाकीतून निघालेले डिझेल पाणी व गाळ धरून ठेवणाऱ्या पेल्यातून फीड पंपाकडे जाते. तो ते फिल्टरातून पुढे ढकलतो. तेथून ते इंजेक्शन पंपात आणि पंपातून प्रचंड दाबाने नोझलपर्यंत पोहोचते. रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ साली यशस्वी ठरलेले इंजिन दाबलेल्या हवेच्या जोरावर इंधन आत फवारीत असे. त्यासाठी अवजड सामग्री लागे. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि लहान, चपळ डिझेल इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. परंतु हा पंप जितका गुणी तितकाच नाजूक आहे. त्यातील दांडी व तिचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतच मोजावी लागते, आणि त्यांस वंगण मिळते ते डिझेलचेच. अशा ठिकाणी चिमूटभर धूळ अथवा थेंबभर पाणी म्हणजे विषच होय.

यास्तव तपासणी नेहमी टाकीकडून पंपाकडे, स्वस्ताकडून महागाकडे करीत जावी. प्रथम टाकीत डिझेल आहे काय, कॉक उघडा आहे काय आणि इंजिन बंद करण्याचा खटका ओढलेलाच तर राहिला नाही ना, हे पाहावे. हे प्रश्न बालिश वाटतील. परंतु घाईच्या दिवसांत शहाणीसुरती माणसेही येथे फसतात. नंतर स्टार्टर फिरवीत असता धुराकडे लक्ष द्यावे. धूर मुळीच निघत नसेल तर इंधन नोझलपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर निघत असेल तर इंधन पोहोचत आहे, पण जळत नाही. मग दोष अन्यत्र शोधावा. इंजिन मोकळे असता नीट चालून नांगर लावताच दम टाकीत असेल तर फिल्टर चोंदल्याचा संशय प्रथम घ्यावा. काही वेळ चालून आपोआप बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. 'सूं' असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि इंजिन सुधारले, तर झाकणाचे बारीक छिद्र धुळीने बुजलेले आहे, इतकाच रोग! काडीमोलाच्या या छिद्रासाठी पंप उतरविला जावा, यासारखी दुसरी खेदाची गोष्ट नाही.

हवा शिरण्याचा दोष अधिक फसवा असतो. टाकी व फीड पंप यांमधील भागात ओढ असते, दाब नसतो. त्यामुळे तेथील सांधा सैल झाला अथवा रबरी नळीस चीर पडली, तर डिझेल बाहेर न गळता हवाच आत ओढली जाते. कोरडा दिसणारा सांधा निर्दोष असेलच असे नाही. अशा वेळी फिल्टरवरील स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा. प्रथम फेस येईल. बुडबुडे संपून सलग धार लागली की स्क्रू घट्ट करावा. चालक ज्याला 'एअर काढणे' म्हणतात ते हेच. मात्र हवा पुन्हा पुन्हा धरली जात असेल तर केवळ ती काढीत बसण्यात अर्थ नाही. सांधे आवळावेत, जुने तांब्याचे वायसर बदलावेत.

तथापि या साऱ्या उपद्रवांचे मूळ बहुधा यंत्रात नसून डिझेलच्या डब्यात असते. उघडा डबा, मळके नरसाळे आणि पुसण्यास घेतलेली सुताळलेली चिंधी यांनी जितके पंप खाल्ले तितके झिजेने खाल्ले नसतील. पिंप सावलीत, किंचित कलते ठेवावे. हलविल्यावर दिवसभर निवळू द्यावे आणि तळचे डिझेल यंत्रात घालू नये. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी साठवणीस वापरू नयेत. टाकी सायंकाळीच भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाण्याचे थेंब जमतात. पाणी साचून राहिले की त्यावर सूक्ष्म जंतू वाढून काळपट बुळबुळीत थर धरतो आणि तोच फिल्टर चोंदवितो. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर तर मुळीच करू नये. धुण्याने कागद फाटतो आणि राखणदारच चोरास वाट करून देतो.

मोठ्या गोठ्यांवर शेणखत व मुरघास उचलणाऱ्या, जागच्या जागी वळणाऱ्या स्किड स्टिअर लोडरासही हेच नियम लागू आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी या यंत्राचा पूर्वावतार १९५७ साली टर्की पक्ष्यांची घरे साफ करण्यासाठीच तयार केला होता. धूळ व भुसा यांच्या सहवासातच त्याचे आयुष्य जाते. टाकीत डिझेल थोडे असता ते उतारावर चालविल्यास नळी उघडी पडून हवा धरली जाते. त्याची तपासणी भुजा खाली टेकवून, अथवा वर ठेवणे भाग असल्यास आधाराचे अडसर लावूनच करावी.

घरच्या दुरुस्तीसही मर्यादा आहे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो, आणि तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे नवे मानक लागू झाले. त्यानंतरच्या अनेक यंत्रांत इंधनाचे नियंत्रण विद्युत्-यंत्रणेकडे असून दाबही अतोनात असतो. त्यांच्या दाबाच्या नळ्या शेतकऱ्याने सैल करू नयेत. स्वच्छ डिझेल, पाण्याचा निचरा व वेळेवर फिल्टर एवढेच आपले क्षेत्र मानावे.

'शेतकऱ्याने यंत्रास हात लावू नये, ते ज्याचे त्याने पाहावे,' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पंप आणि नोझल यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु टाकी, पेला आणि फिल्टर यांची निगा म्हणजे यंत्राचे चारापाणी होय, आणि जनावराचे चारापाणी कोणी पशुवैद्यावर सोपवीत नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था १९५५ पासून उभी आहे. असे असता लाखो रुपयांचे यंत्र घेणाऱ्या मालकाने चालकाच्या शिक्षणासाठी चार दिवस खर्चू नयेत, हे हिशेबी शेतकऱ्यास शोभणारे नाही. पुष्कळ घरी चालकास सकाळची दहा मिनिटे पेला पाहण्यास मिळत नाहीत, आणि यंत्र बंद पडले की बोल मात्र त्यालाच लागतो. हा अन्याय आहे, आणि तो तोट्याचाही आहे.

अवजारांच्या पेटीत एक लहान वही ठेवावी. फिल्टर कोणत्या तारखेस व किती तास झाल्यावर बदलला, पाणी केव्हा काढले, एवढेच तीत लिहावे आणि यंत्राच्या पुस्तिकेतील मुदतीशी ताडून पाहावे. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी टाकीचा तळ एकदा स्वच्छ करावा. मग मृगात इंजिन अडलेच, तर पंपास हात लावण्यापूर्वी ती वही उघडावी. पुष्कळदा रोगाचे नाव तीतच सापडेल.