आकाशाची पहिली पायरी

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांच्या जैन क्षेत्रामुळे श्रद्धाळूंना परिचित असलेले गाव. ज्या औंढा नागनाथ तालुक्यात ते वसले आहे, त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा आकारास येत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. मराठवाड्याच्या या उपेक्षित भूमीला विज्ञानाच्या नकाशावर मानाचे स्थान मिळत आहे, याचा आनंद कोणाला होणार नाही?

परंतु जिल्ह्याची सीमा ओलांडून शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात गेले, की विज्ञानाच्या ओढीची एक वेगळीच, काळीज चिरणारी कथा समोर येते. महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या एका २४ वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हाताने एकासनी हेलिकॉप्टर बांधले. शिक्षण आठवीपर्यंतचे, व्यवसाय वेल्डिंगचा आणि इंजिन मारुती ८०० मोटारीचे. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाचणी घेत असताना मागचे पाते तुटून मुख्य पात्यावर आदळले, मुख्य पात्याचा तडाखा त्याच्या डोक्याला बसला आणि ते स्वप्न जमिनीवरच विझले.

आपण हळहळलो आणि विसरलो. खरा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. हा तरुण परवानगी मागण्यासाठी निघाला असता, तर त्याने नेमके कोणाचे दार ठोठावायचे होते?

ज्यांना ते दार ठाऊक होते, त्यांचीही वाट सोपी नव्हती. कॅप्टन अमोल यादव हे व्यावसायिक वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभारले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लाखोंनी पाहिले. तरीही नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाची अनुमती ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले ते ऑगस्ट २०२० मध्ये. तेही राज्य शासन पाठीशी उभे राहिल्यावर! वैमानिकाची ही कथा, तर गावच्या वेल्डरचे काय?

येथे प्रशासनाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. बिघडलेली मोटार रस्त्याच्या कडेला थांबते. बिघडलेले विमान कोणाच्या तरी छपरावर कोसळते. म्हणून नियम कठोर असणे योग्यच. परंतु कठोर असणे वेगळे आणि पहिली पायरीच नसणे वेगळे.

अमेरिकेत ही पायरी आहे. ११५ किलोपेक्षा हलक्या एकासनी यंत्राला तेथे नोंदणी वा वैमानिकाचा परवाना लागत नाही. मात्र ते दिवसाउजेडी आणि दाट वस्तीपासून दूरच उडवावे लागते. त्याहून मोठे यंत्र कोणी शिक्षण वा छंद म्हणून निम्म्याहून अधिक स्वतः बांधले असेल, तर तपासणीनंतर ते ‘प्रायोगिक’ वर्गात मोडते आणि प्रारंभीची उड्डाणे ठरावीक निर्जन क्षेत्रातच करावी लागतात. यंत्राचा धोका जेवढा, तेवढेच बंधन, असे हे साधे सूत्र आहे.

हे सूत्र आपल्याला अपरिचित नाही. फुलसावंगीच्या दुर्घटनेनंतर अवघ्या पंधरवड्यात, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, केंद्र शासनाने नवे ड्रोन नियम अधिसूचित केले. २५० ग्रॅमपासून १५० किलोच्या पुढेपर्यंत वजनानुसार पाच वर्ग, आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग आणि अर्जांची संख्या २५ वरून ५! मानवरहित यंत्राबाबत जो विवेक दाखविला, तोच माणूस बसणाऱ्या घरगुती यंत्राबाबत का दाखवू नये? १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. नव्या चौकटीत नवी वाट आखण्याची हीच वेळ आहे.

यासाठी मोठा खर्च लागणार नाही. यंत्र जमिनीला जखडून केलेली चाचणी ही अधिकृत पहिली पायरी मानावी. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांकडे तिच्या देखरेखीचे दायित्व द्यावे. पात्याची मजबुती आणि शिरस्त्राण यांची तपासणी झाल्याखेरीज इंजिन सुरू होऊ नये. एका जाणत्या प्राध्यापकाने “थांब, हा सांधा कच्चा आहे” असे सांगितले असते, तर कदाचित एक तरुण आज आपल्यात असता.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. पण जगासमोर ठेवावी अशी तत्कालीन निर्विवाद नोंद आपल्यापाशी नाही. परवाना म्हणजे केवळ सरकारी शिक्का नव्हे, ती कर्तृत्वाची नोंदही असते. नोंदीवाचून पराक्रमाची दंतकथा होते आणि देखरेखीवाचून प्रयोगाची शोकांतिका. आपल्या गावातील पुढच्या आकाशवेड्याच्या वाट्याला या दोन्ही येऊ नयेत, हे पाहणे शासनाचे आणि समाजाचेही कर्तव्य आहे.