सुटला ना? मग झालं तर!

"पोलिसांनी धरलंय म्हणजे काहीतरी केलंच असणार." हे वाक्य आपल्या बहुतेकांच्या घरात कधी ना कधी बोललं जातं. आणि पाठोपाठ येतं ते दुसरं, "हे वकील तरी अशा लोकांच्या केसेस घेतात कशाला?" काका-मामा मंडळींनो, रागावू नका, पण आज या दुसऱ्या वाक्याबद्दल लिहायचंय.

बिहारमधल्या रुदुल साह यांची गोष्ट घ्या. मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडलं. ते तुरुंगातून बाहेर आले १६ ऑक्टोबर १९८२ला! म्हणजे निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षांहून जास्त काळ आत. शिक्षा झालेली नसताना.

त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात उभ्या राहिल्या पुष्पा कपिला हिंगोरानी. त्याआधी १९७९ साली वर्तमानपत्रातले लेख वाचून बिहारच्या तुरुंगात खटल्याविना सडणाऱ्या माणसांसाठी अर्ज करणाऱ्या त्याच. हुसैनारा खातून खटला तो.

रुदुल साह यांचा अर्ज नोव्हेंबर १९८२ मध्ये कोर्टापुढे आला, तेव्हा सरकारी वकिलांनी सांगितलं, त्यांना आधीच सोडलंय. आपल्याकडची नेहमीची पद्धत. सुटला ना? मग झालं तर! विषय संपला.

हिंगोरानीबाईंनी तो संपू दिला नाही. अर्जात सुटकेखेरीज नुकसानभरपाई, औषधोपचाराचा खर्च आणि पुनर्वसन या मागण्याही होत्या. त्यांच्याकडे त्यांनी कोर्टाचं लक्ष वेधलं आणि कोर्टाने बिहार सरकारला खुलासा मागितला.

खुलासा काय आला? तर म्हणे हा माणूस वेडा होता. पण त्याच खुलाशात होतं, की सिव्हिल सर्जनने फेब्रुवारी १९७७ मध्येच ते ठणठणीत असल्याचं कळवलं होतं. म्हणजे सरकारचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं तरी पुढच्या साडेपाच वर्षांचं काय? याला उत्तर नव्हतं. आणि मुळात वेडा ठरवला कोणी, कशावरून, याचाही धड पुरावा नव्हता.

मला वाटतं अशा वकिलांचं खरं काम हेच असतं. सरकारला कागदावर उत्तर द्यायला लावणं. कागदावर आलं की खोटं टिकत नाही.

१ ऑगस्ट १९८३ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. आधी दिलेले पाच हजार धरून एकूण पस्तीस हजार रुपये अंतरिम भरपाई मिळाली. हिशेब करून पाहा, दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. पण हक्क मोडला म्हणून सरकारने पैसे मोजायचे, हा पायंडा तिथून पडला. १९९३च्या नीलाबती बेहेरा खटल्यात ओडिशातल्या एका आईला मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये मिळाले ते याच वाटेने.

गंमत बघा, १९७६ साली आणीबाणीत, अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येणार नाही असं म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत हेच चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्या. खन्ना. सातच वर्षांत तेच न्यायमूर्ती सरकारला दंड लावतात. म्हणजे न्यायमूर्तींच्या मोठेपणावर विसंबून चालत नाही. समोर कोणीतरी चिकाटीने मुद्दा लावून धरणारं लागतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे पस्तीस हजार आले कुठून? सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून. चुकार अधिकाऱ्यांवरही दावा लावता येईल असं त्या निकालात म्हटलंय खरं, पण चौदा वर्षं तुरुंगात काढलेल्या गरीब माणसाने पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या? विधी आयोगाने २०१८च्या २७७व्या अहवालात, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करा असं सुचवलं. तो अजून झालेला नाही. आणि २०२२च्या अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे आपल्या तुरुंगातल्या चारांपैकी तिघांवर गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता.

या तिघांतले काही खरोखर गुन्हेगार असतील, मान्य. पण कोण आहेत आणि कोण नाहीत हे ठाण्यात ठरत नाही, आणि आपल्या दिवाणखान्यात तर नाहीच नाही. हिंगोरानीबाई २०१३च्या शेवटच्या दिवशी गेल्या. त्यांच्यासारखं काम करणाऱ्यांना "कशाला घेता अशा केसेस" म्हणून विचारण्याऐवजी, तो भरपाईचा कायदा का होत नाही हे आपण आपल्या खासदाराला विचारलं तर? मी पत्र लिहितोय. तुम्हीही लिहा, पोस्टकार्डही चालेल.