दुभाषा पुरेसा नाही

अमेरिकेत लॅटिन अमेरिकी मुळाचे, म्हणजे लॅटिनो, लोक ६ कोटींहून अधिक आहेत. त्यांच्यातली एखादी बाई डॉक्टरांना ‘नैराश्य’ सांगत नाही. ‘नेर्व्हिओस’चा त्रास होतो म्हणते. झोप नाही, धडधड, जीव घाबरा. दुभाषा शब्द बदलून देतो, पण ‘लोक वेडी म्हणतील’ ही भीती तशीच राहते. ती कमी होते त्याच आजारातून सावरलेल्या, तिच्याच भाषेत बोलणाऱ्या, घरच्यांनाही विश्वासात घेणाऱ्या सोबतिणीमुळे. अशा सेवेचे पैसे ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेतून देण्याची वाट २००७ मध्येच राज्यांना मोकळी झाली. मात्र हा डॉक्टरांना स्वस्त पर्याय नव्हे. प्रशिक्षण, नियमित पगार आणि उपचार करणाऱ्या चमूत जागा, एवढं तरी या सोबत्यांना मिळायला हवं.