नाव आपले झाले, इतिहासाचे काय?

राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मुलांना वाघ आणि पेंग्विन दाखवून कुटुंबे परततात. प्रवेशद्वाराजवळची भव्य वास्तू मात्र बहुतेकांची पाहायची राहून जाते. चिंचपोकळी-लालबागकरांना ही बाग अंगणासारखी. तरीही त्या वास्तूवर ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड कोण, याचे उत्तर आपल्यापैकी किती घरांतून मिळेल?

ही वास्तू १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ म्हणून खुली झाली. १९७५ साली तिला भाऊ दाजींचे नाव मिळाले, हे यथोचितच झाले. परंतु पाटी बदलली की गुलामीची खूण पुसली गेली, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्यात रुजली आहे. तिची चिकित्सा आपणच केली पाहिजे.

मुंबईचा पहिला संग्रह फोर्टमधील बराकीत होता. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात त्या बराकी लष्करासाठी लागल्या आणि संग्रहाची वाताहत झाली. पुढे नवे संग्रहालय उभारण्यासाठी नाना शंकरशेट, भाऊ दाजी, डॉ. जॉर्ज बर्डवुड आदी मंडळी झटली. पैसा बव्हंशी येथल्याच नागरिकांच्या वर्गणीचा. १८६५ च्या शेअर बाजाराच्या पडझडीने तो आटला, तेव्हा सरकारने काम पुरे केले. राणीचे नाव देण्यात आपल्याच धुरीणांचा पुढाकार होता, हेही लपविण्याचे कारण नाही. राजनिष्ठेची भाषा बोलून समाजासाठी संस्था पदरात पाडून घेणारी ती पिढी होती. म्हणूनच ‘इंग्रजी इमारत’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरविणे हा त्यांच्यावरचा अन्याय ठरेल.

आणि भाऊ दाजी! ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, गोरगरिबांवर विनामूल्य उपचार करणारे, कुष्ठरोगावर औषध शोधणारे. तेच अजिंठ्याचे शिलालेख वाचीत, कालिदासाच्या काळाचा शोध घेत. आपल्या भूतकाळाचे वाचन परक्यांच्या हाती सोपवायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. १८७४ मध्ये ते गेले.

संग्रहालयाबाहेर एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून पुढे १९१४ साली जोडण्यात आले. साम्राज्य वारसा कसा ‘जपत’ होते, हे मुलांना सांगायला याहून बोलका पुरावा कोणता हवा? आपण मात्र त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढतो.

२००३ ते २००८ या काळात वास्तूचा जीर्णोद्धार झाला, युनेस्कोनेही गौरव केला. ते श्रेय निःसंशय द्यावे. मात्र आतल्या मातीच्या बाहुल्या पाहाव्यात: या जातीचा पेहराव, त्या धंद्याचा कारागीर. कारागिरी अप्रतिम, पण दृष्टी प्रजेची वर्गवारी करणाऱ्या राज्यकर्त्याची. त्या कारागिराला स्वतःविषयी काय म्हणायचे होते, ते तिथे सापडत नाही.

आज हाच धोका चिंचपोकळीच्या अगदी उशाशी आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय योजले. ते वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. यंत्रे मांडली, भोंग्याचा आवाज ऐकविला, रोषणाई केली, की गिरणगाव झाला, असे होता कामा नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यानंतर घरे कशी चालली? खानावळ चालविणाऱ्या बाईने उधारीची वही कधी मिटली? चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी कोकणातली, घाटावरची गावकरी मंडळी, त्यांची भजने, १९२० पासूनचा चिंचपोकळीचा सार्वजनिक गणेशोत्सव, हे सारे त्या कामगारांच्या तोंडून यायला हवे.

गिरणीत उमेदीची वर्षे घालविलेले वृद्ध आता थोडे उरले आहेत. हजेरीचे पास, बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, मंडळांची जुनी अहवालपुस्तके आजही ट्रंकांत पडून आहेत आणि पुनर्विकासात घर रिकामे करताना रद्दीत जात आहेत. महापालिकेची वाट न पाहता प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अशा पाच-दहा वृद्धांचे कथन ध्वनिमुद्रित करावे, कागदांची यादी करावी आणि ती संग्रहालयाच्या दारात नेऊन ‘हे आमचे, येथे ठेवा’ असा आग्रह धरावा. सुरुवात येत्या गणेशोत्सवापूर्वी सहज होऊ शकते.