पत्ता नेमका कुणाचा?

आमचे नाना, म्हणजे माझे काका, नाशिकला राहतात. वय ७८. गणिताचे निवृत्त शिक्षक. गेली चार वर्षं ते एका इंटरनेट कंपनीला दरमहा ४९९ रुपये भरतायत आणि तिचं इंटरनेट एक मिनिटही वापरत नाहीत. घरात दुसऱ्या कंपनीचं फायबर आहे. त्यावर त्यांचं क्रिकेट, कीर्तन आणि नातवाशी गप्पा असं सगळं मजेत चालतं. जुन्या कंपनीची तांब्याची वायर कुठल्या पावसाळ्यात मेली, तेही आता आठवत नाही. बिल मात्र जिवंत!

दिवाळीत गेलो होतो, तेव्हा बँकेच्या पासबुकात ही नोंद दिसली. म्हटलं, "नाना, हे कशासाठी?"

"अरे, माझा इमेल त्यांच्याकडे आहे ना!"

झालं असं होतं, की नानांनी कनेक्शन तोडायला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं, "सर, कनेक्शन बंद झालं की तीस दिवसांत मेलबॉक्सही बंद होईल." मेल नव्या पत्त्यावर पाठवता येतील का? "सर, तशी सोय सिस्टीममध्ये नाही." मग फक्त मेलबॉक्सचे वेगळे पैसे घ्या. "सर, तसा प्लॅन नाही." मग नाना गणिताच्या शिक्षकासारखे विचार करून गप्प बसले आणि पैसे भरत राहिले. ४८ महिने गुणिले ४९९. करा हिशोब. जवळजवळ चोवीस हजार रुपये, एका पत्त्याचं भाडं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे हट्टी असतात. सगळ्यांना नवा पत्ता कळवायचा आणि मोकळं व्हायचं. मीही तेच म्हटलं. त्यावर नानांनी कपाटातून शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढली. शेवटच्या पानांवर सगळ्या शिक्षकांचे पत्ते, त्यात नानांचा हा इमेल. म्हणाले, "बँकेला कळवीन, विम्याला कळवीन. पण हे पुस्तक ज्यांच्या ज्यांच्या घरी आहे त्यांना कसं कळवू? त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही, माझा त्यांच्याकडे आहे."

२०१९ साली एका विद्यार्थ्याने त्यांना तीस वर्षांनी पत्र लिहिलं, ते याच छापील पत्त्यावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या प्रकारातली मेख समजून घेण्यासारखी आहे. इमेलच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हाच्या डावीकडे आपलं नाव असतं आणि उजवीकडे डोमेन, म्हणजे मालकाचं नाव. पाठवणाऱ्याचा सर्व्हर फक्त उजवी बाजू बघतो आणि विचारतो, या नावाचं टपाल कोण स्वीकारतं? उत्तर येतं, अमुक कंपनीचा सर्व्हर. मेल तिथे जातो आणि मगच डावीकडचं नाव वाचलं जातं. त्यामुळे नानांचा मेल आधी जुन्या कंपनीच्या दारातच जाणार, आणि पुढे पाठवायचा की परत फेकायचा हे तीच ठरवणार. आपण ज्याला 'माझा पत्ता' म्हणतो, तो दुसऱ्याच्या वाड्यातल्या खोलीचा नंबर आहे.

आणि वाड्याचंही काही खरं नसतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाचे लांबलचक पत्ते आठवतात? पत्त्यावरूनच कळायचं, माणूस मुंबईचा की पुण्याचा! २००२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि २००८ मध्ये तिचं नावही बदललं. पत्त्यात कंपनीचं नाव घातलं, की तिच्या नशिबाशी आपली गाठ बांधली जाते.

याच्या शेजारी मोबाइल ठेवून बघा. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हरयाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. १९०० वर एक एसएमएस टाकायचा आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. त्याआधी कंपन्या काय सांगत होत्या? तांत्रिक अडचणी, खर्च, गोंधळ होईल... सरकारने करा म्हटल्यावर सगळं झालं, आणि ग्राहकाकडून सुरुवातीला जास्तीत जास्त घ्यायची फी होती १९ रुपये. २०११ मध्येच आरोग्य विमासुद्धा जुने फायदे न गमावता दुसऱ्या कंपनीकडे नेता येऊ लागला. साधं पोस्ट घ्या. घर बदललं की पोस्टात अर्ज द्यायचा, पत्रं नव्या पत्त्यावर येतात. जे खाकी पिशवीतल्या पोस्टमनला जमतं, ते यांच्या सिस्टीममध्ये 'नाही'!

कंपन्यांचा ठरलेला बचाव असा, की डोमेन आमचं, त्यात आमचं नाव. ते दुसऱ्या कंपनीला कसं देणार? मान्य. पण डोमेन मागतंय कोण? जुन्या पत्त्यावर येणारे मेल काही काळ पुढे पाठवा, एवढंच मागणं आहे. पुढे पाठवलेले मेल कधी कधी स्पॅम समजून अडवले जातात, ही अडचण खरी आहे. कारण मेल एकाच्या नावाचा आणि तो आणून देणारा सर्व्हर भलत्याचाच. मग पाठवू नका. जुना मेलबॉक्स वाचायला तरी उघडा ठेवा. युरोपीय संघाने २०१८ च्या दूरसंचार संहितेत नेमकी हीच तरतूद केली. कंपनीच्या नावाचा इमेल असलेला ग्राहक सोडून गेला, तर ठरावीक मुदतीपर्यंत त्याला एकतर जुने मेल बघू द्यायचे किंवा नव्या पत्त्यावर पाठवायचे, तेही फुकट. सदस्य देशांच्या नियामकांना हा नियम लावता येतो. आपल्याकडे इमेलसाठी असा नियमच नाही.

दुसरा सल्ला मित्रमंडळींचा. "फुकटातलं जीमेल काढायचं ना राव!" काढा, जरूर काढा. निदान इंटरनेटची कंपनी बदलायला मोकळे व्हाल. पण हा फक्त घरमालक बदलणं झालं. याहूने २०१३ मध्ये न वापरलेले पत्ते परत घेऊन दुसऱ्यांना वाटायचं जाहीर केलं. म्हणजे उद्या तुमच्या नावाचं पत्र तिसऱ्याच माणसाच्या हातात. गूगलने २०२३ मध्ये सांगितलं, की दोन वर्षं न वापरलेली खाती पुसली जातील. आज बँकेपासून डीमॅटपर्यंत पासवर्ड विसरला की नव्याची लिंक इमेलवर येते. पत्ता ज्याच्या हाती, त्याच्याच हाती घराच्या किल्ल्या.

खरा उपाय स्वतःचं डोमेन. २००५ पासून डॉट इन सर्वांना खुलं आहे. ते घेतलं, की मेलची सेवा कुणाचीही वापरा, कंटाळा आला की बदला, पत्ता तोच. मात्र दरवर्षी नूतनीकरण विसरायचं नाही, नाहीतर तेही दुसरा कुणी घेऊन जाईल. ज्याला जमेल त्याने आजच करावं. पण ७८ वर्षांच्या माणसाने डोमेनच्या सेटिंग्ज शिकाव्यात, तरच त्याला त्याची पत्रं मिळतील, हा न्याय झाला का?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कनेक्शन सोडल्यावर किमान एक वर्ष मेल पुढे पाठवण्याची किंवा वाचू देण्याची सक्ती हवी. त्यानंतर कुणाला हवा असेल, तर नुसता मेलबॉक्स माफक दरात मिळायला हवा. आणि सोडलेला पत्ता दुसऱ्याला देता कामा नये. मागे नंबरसाठी जे केलं, त्याहून हे कितीतरी सोपं आहे.

तोवर एक करा. नवीन कनेक्शनबरोबर 'फ्री इमेल' मिळाला तर हात जोडून नाही म्हणा.

दिवाळीत नाना आणि मी मिळून तेवीस ठिकाणी नवा पत्ता दिला. बँक, विमा, पेन्शन, गॅस, सगळं. संध्याकाळी मी म्हटलं, "आता तोडू या का कनेक्शन?" नानांनी स्मरणिका कपाटात परत ठेवली आणि म्हणाले, "एक वर्ष थांबू."

असो. पुढचं बिल पाच तारखेला आहे.